बोल्टावरचं वजन

गॅरेजमध्ये इंजिन माउंटिंगला माउंटिंग म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तिथे त्याचं नाव फाउंडेशन. ‘सर, तुमचं फाउंडेशन गेलंय’ असं कोणी म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांसमोर आधी पहिलीचा वर्ग येतो. पण गॅरेजवाल्याचा अर्थ सरळ असतो. गाडीचं इंजिन सांगाड्याला थेट आवळलेलं नसतं. मध्ये लोखंडी कवचात पक्का चिकटवलेला रबराचा जाड गोळा असतो, आणि त्याला दोन्हीकडून धरून ठेवणारे बोल्ट. इंजिनाचं वजन हा गोळा पेलतो, त्याची थरथर तोच गिळतो. तो चांगला असेतोवर तो आहे हे आपल्या गावीही नसतं.

डिझेल गाडीत या गोळ्याला काम जास्त. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की आपोआप भडका उडतो. जुन्या छोट्या डिझेल इंजिनांत हवा वीस पटींहून जास्त दाबलेली असते, पेट्रोलमध्ये साधारण नऊ-दहा पट. म्हणून डिझेलचा प्रत्येक भडका दणकट. चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १६०० भडके होतात. म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. सिग्नलला उभं राहून आपण मोबाइल बघतो तेवढ्या वेळात तो रबराचा गोळा दीड-दोन हजार धक्के खातो, आणि कोणी त्याला शाबास म्हणत नाही.

आमची गाडी २००७ सालची. अब्बांनी घेतलेली, त्यांच्यानंतर माझ्याकडे आलेली. कंपनी कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. इतकी वर्षं, रत्नागिरी जिल्ह्यातली खाडीकाठची खारी हवा, आणि चार-चार महिने कोसळणारा पाऊस. एवढं सोसल्यावर माणूसही कुरकुरतो. गेल्या उन्हाळ्यापासून गाडी उभी असताना गिअरचा दांडा हातभर थरथरायचा, क्लच सोडला की पुढून ‘थड’ असा आवाज यायचा. अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी तिला दाखवायला रत्नागिरीला न्यावं लागतं. एकदा तिने मागच्या सीटवरून सांगितलं, “बेटा, गाडीत बसले की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं.” त्या दिवशी ठरवलं की आता काम काढायचंच.

नवी गाडी घे, असं सांगणारे बरेच होते. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळपास गेल्याच. जुनी आहे ती नीट ठेवणं हाच आमच्यासारख्यांचा मार्ग. आणि जुनी गाडी नीट ठेवायची तर तिच्यावर हात चालणारा माणूस लागतो.

आमच्या नाक्यावरच्या गॅरेजचे मालक मूळचे मिरजेकडचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तीस वर्षं कोकणात राहूनही त्यांची बोली घाटावरचीच, दख्खनी. ‘जोर नक्को मारो’ हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. या ‘नक्को’त आमचा मराठी ‘नको’ जसाच्या तसा येऊन बसलाय, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन भाषांमध्ये किती जुनं येणं-जाणं आहे हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

उस्तादांच्या हाताखाली चार वर्षांपासून एक मुलगा आहे. वय अठरा. माझाच विद्यार्थी. नववीच्या सहामाहीनंतर शाळेत येणं थांबलं. घरी कोकणी बोलतो, गॅरेजमध्ये दख्खनी-हिंदी, आणि माझ्याशी मात्र पुस्तकातली मराठी, ‘सर, आपण बसावं’ अशी. त्याच्या निबंधाच्या वहीवर मी ‘अक्षर सुंदर’ असा शेरा मारलेला मला आठवतो. आता ते अक्षर गॅरेजच्या बिलावर दिसतं.

काम शनिवारी दुपारी सुरू झालं. मला वाटलं होतं, दोन तासांचं काम असेल. मुलाने बॉनेट उघडलं, खालून बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, “सर, आज फक्त तेल घालू. उद्या उघडू.”

त्याने आधी बॅटरीची वायर काढली. मग तारेच्या ब्रशने बोल्टांच्या उघड्या आट्यांवरचा गंज खरवडला. त्याखाली बोल्टाच्या डोक्यावर आकडे दिसले, ८.८. मी विचारलं, हा माप का? तो म्हणाला, “माप नाही सर, ताकद.” मग त्याने समजावलं. पहिला आठ म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटन ताण लागेपर्यंत तो तुटत नाही. बिंदूनंतरचा आठ म्हणजे त्यातल्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. त्यापुढे गेला की कायमचा लांबतो. म्हणून नवा बोल्ट घालताना तेच आकडे बघून घालायचा, नुसती जाडी बघून नाही. दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारी या दोन्ही पाठांत हा मुलगा अडखळायचा, असं आमचे गणिताचे सर सांगत असत.

तेल घालण्यातही रीत होती. नुसतं आट्यांवर ओतून तो थांबला नाही, बोल्टाच्या डोक्याखाली, वायसरच्या कडेलाही फवारलं. त्याचं कारण मी नंतर शोधून वाचलं. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के खरोखर बोल्टाला ताणून पकड आणतो. म्हणजे बोल्ट सोडवायचा तर भांडण मुख्यतः घर्षणाशी आहे, आणि घर्षण दोन ठिकाणी आहे. मुलाने हे वाचलेलं नव्हतं. हाताला माहीत होतं.

अडकण्याची कारणंही वेगवेगळी असतात. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. आट्यांमधली बारीक फट तो भरून टाकतो आणि बोल्ट जणू आतून फुगतो. ब्रॅकेट अल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा असेल, तर दोन धातूंमध्ये खाऱ्या ओलाव्यामुळे बारीकशी बॅटरीच तयार होते आणि अल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसली की समजायचं. काही बोल्टांना कारखान्यातच आटे चिकटवणारं रसायन लावलेलं असतं. त्याला तेल लागू होत नाही, ऊब लागते. बाहेरून मात्र या सगळ्याचं दर्शन एकच, बोल्ट फिरत नाही. आणि आपणही एकच शब्द वापरतो, ‘हट्टी’.

शनिवारी मगरिबच्या आधी एकदा, दुकान बंद करताना एकदा आणि रविवारी सकाळी आल्या आल्या एकदा, असं तीनदा तेल पडलं. मग गाडीचं पुढचं तोंड जॅकने उचललं, आणि उचलल्याबरोबर दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हा उस्तादांचा नियम. विटांवर किंवा चिऱ्यावर ठेवलेल्या गाडीखाली तर मुळीच नाही, कारण चिरा कधी फुटेल हे सांगून फुटत नाही. इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली रुंद लाकडी फळकूट ठेवून त्याखाली दुसरा जॅक लावला. फळकूट यासाठी, की भार एका ठिकाणी येऊन टाकीचा पत्रा चेपू नये.

पहिले दोन बोल्ट वरून दिसणारे. मुलाने बारा कोनी गोटी बाजूला सारली आणि सहा कोनी काढली. बारा कोनी गोटी बोल्टाच्या टोकांवर धरते, सहा कोनी पूर्ण बाजूंवर. गंजलेल्या बोल्टाची टोकं एकदा गोल झाली की पुढची कहाणी लांबते. गोटी पूर्ण खाली बसल्याची खात्री केली. मग हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर चार-पाच सरळ ठोके, जोराचे नाहीत, खणखणीत. गंज ठिसूळ असतो. ठोक्याने त्याला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं.

मग त्याने जे केलं त्याने मी चकित झालो. त्याने बोल्ट सोडायच्या ऐवजी किंचित आवळला. केसभर. ‘कट’ असा आवाज आला. “आता तो जागा झाला,” म्हणाला, आणि उलट फिरवला. पाव फेरा सुटला. लगेच पुढे न जाता पुन्हा थोडा आवळला, तेल सोडलं, परत सोडला. पुढे-मागे, पुढे-मागे. सुटतोय म्हणून ओढत राहिलं तर सुटलेला गंज आट्यांत गोळा होतो आणि बोल्ट मध्येच आवळून तुटतो, हे त्याने मला ओढताना नव्हे, थांबून सांगितलं.

मला दिशेचा घोळ होत होता. खालून पाहताना उजवं-डावं उलटं वाटतं. तो हसून म्हणाला, “सर, डोक्यासमोर तोंड करा. मग उर्दूकडे फिरवला की सुटतो, मराठीकडे फिरवला की आवळतो.” मी हात फिरवून पाहिला. खरंच. सोडताना पान्याची वरची बाजू उजवीकडून डावीकडे जाते, जसं उर्दू लिहितो तसं. आवळताना डावीकडून उजवीकडे, मराठीसारखं. वीस वर्षं दोन्ही लिप्या शिकवतोय, पण ही युक्ती मला विद्यार्थ्याने दिली. बी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोकून घेतलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. ते त्याने एका वाक्यात करून दाखवलं.

दोन बोल्ट असे निघाले. तिसरा लांब, रबराच्या मधल्या नळीतून आरपार गेलेला. त्याचा नट याच रीतीने सुटला, पण बोल्ट बाहेर येईना. फिरेना, सरकेना. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने डोकावून सल्ला दिला, पान्याला पाइप लाव. पाइप लावला की दांडा लांबतो. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर जेवढा जोर पडतो, त्याच्या तिप्पट नव्वद सेंटिमीटरवर. जोर वाढवणं सोपं असतं. पण बोल्टाला सोसणाऱ्या ताकदीला तो आठशे न्यूटनचा शेवट असतो. दुसरा पर्याय गॅसची ज्योत. बाजूलाच डिझेलच्या नळ्या, वर रबर, त्यामुळे उस्तादांनी तिकडे बघूही दिलं नाही. ज्योत वापरायची तर सगळं उघडून, आग विझवायची सोय जवळ ठेवून, आणि नटाला तापवायचं, बोल्टाला नाही. नट फुगला पाहिजे, बोल्ट नाही.

उस्ताद चहाचा कप घेऊन आले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “जोर नक्को मारो. ये जंग नैं है. इंजिन का वजन उतारो पैले. बोल्ट हट्टी नैं है सर, उसके उप्पर बोझा है.”

मुलाने इंजिनाखालचा जॅक अगदी थोडा वर घेतला आणि बोल्ट हलवून पाहिला. नाही. आणखी थोडा. नाही. मग किंचित खाली. जॅकवर एक हात, बोल्टावर दुसरा हात, डोळे मिटलेले. तो काही शोधत होता. इंजिन जास्त वर गेलं तर बोल्ट वरून दाबला जातो, खाली राहिलं तर खालून. मध्ये कुठेतरी एक उंची अशी असते, जिथे बोल्टावर कोणाचाच भार नसतो. ती उंची सापडली तेव्हा आवाजही झाला नाही. बोल्ट त्याच्या दोन बोटांत फिरला आणि हळूच बाहेर सरकला. मघाशी ज्याला पाइप लावायचं चाललं होतं, तो दोन बोटांनी निघाला.

मी तिथे टॉर्च धरून उभा होतो. आणि माझ्या मनात शाळेची रजिस्टरं येत होती.

शाळा सोडणाऱ्या मुलांना आमच्या अहवालांत ‘गळती’ म्हणतात. गॅरेजमध्येही गळतीच म्हणतात, पण तिथे पहिला प्रश्न असतो, कुठून गळतंय. अहवालात एक रकाना असतो, कारण. त्यात ठरलेले शब्द भरले जातात. अनियमित. अभ्यासात रस नाही. पालक उदासीन. या मुलाचे वडील ट्रॉलरवर तांडेल होते. एका हंगामात अर्धांगवायूचा झटका आला आणि ते घरी बसले. आई लोकांकडे भाकऱ्या करते. दोन बहिणी, एक आमच्याच शाळेत आठवीला. मोफत शिक्षणाचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून, पण तो सहा ते चौदा वर्षांचा. म्हणजे आठवीपर्यंत. खर्च आणि अंतर दोन्ही वाढतात ते नेमके नववीपासून. मुलगा नववीत असताना घरात कमावता हात एकही उरला नव्हता. त्याला शाळेत परत आणायला किती जण गेले, समजावलं, रागावलं, आईला बोलावलं. प्रत्येकाने आपापल्या परीने पाइप लावला. तो गप्प राहायचा. आणि सगळे परत येऊन म्हणायचे, पोरगा हट्टी आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीने अहवाल दिला, त्यात मुसलमानांचं प्रमाण नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त असल्याचं नोंदवलं आहे. त्यावर आपल्याकडे दोन प्रकारचं बोललं जातं. एक, अरेरे, आमची मुलं पाने घेऊन बसली. दुसरं, वा, हातात हुनर आहे, शिकून तरी कोणाला नोकरी मिळते. दोन्ही बोलणारे गाडीखाली जात नाहीत. मी त्या रविवारी जे पाहिलं ते शिक्षणच होतं. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे जिथे अंग घाम गाळून तयार होतं ती जागा. उस्तादांचं गॅरेज दोन्ही अर्थांनी तालीम आहे. पण या तालमीचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय दार उघडत नाही, हीही तितकीच खरी गोष्ट.

दार कोणतं ते त्यानेच सांगितलं. रबरं नवी बसवताना गप्पा निघाल्या. त्याचा मामा मस्कतला आहे, गॅरेजमध्येच. बोलावतोय. पण पासपोर्टचं काय? दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा शिक्का असतो. म्हणजे आखाती देशांत कामाला जायचं तर सरकारची आधी परवानगी, त्यासाठी एजंट, एजंटाचे पैसे. दहावी पास असेल तर ही अट लागत नाही. इथेच राहायचं ठरवलं तरी आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या एका वर्षाच्या कोर्सला दहावी लागते. जे काम तो चार वर्षं रोज करतोय, तेच शिकायला प्रवेश मिळत नाही.

मी म्हटलं, “सतरा नंबरचा फॉर्म भर.” बाहेरून दहावीला बसण्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा जो अर्ज असतो, त्याला सगळा महाराष्ट्र याच नावाने ओळखतो. साधारण पावसाळ्यात भरायचा, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो, शुल्क. ज्यांच्या घरी असा मुलगा-मुलगी आहे त्यांनी जवळच्या शाळेत विचारावं. यासाठी पुन्हा वर्गात बाकावर बसायचं नसतं.

त्याने हातातला सतरा नंबरचा पाना वर करून दाखवला. “सर, माझा सतरा नंबर हा.” हसला. पण पुढे बोलला नाही. पूर्वी गप्प राहायचा तसाच.

मी पुन्हा समजावलं नाही. उस्तादांशी बोललो. भार कुठे आहे? आठवड्याचा पगार थांबला तर वडिलांची औषधं थांबतात. परीक्षेच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी लवकर सुटला तर तेवढे पैसे कापले जातात. बहिणीचं पुढच्या वर्षी नववीचं, म्हणजे बसचं भाडं. वजन एवढंच होतं, आणि ते मोजता येण्यासारखं होतं. उस्ताद म्हणाले, त्या दोन महिन्यांचा पगार कापणार नाही. शाळेतल्या आम्ही चार शिक्षकांनी बहिणीचं भाडं आणि पुस्तकं घ्यायची ठरवली. वडिलांच्या औषधांसाठी जमातीच्या बैतुलमालशी बोललो, तिथले लोक हो म्हणाले. दरवर्षी रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब काटेकोर करतो. गल्लीतल्या एखाद्या मुलाच्या दहावीच्या वाटेतलं नेमकं वजन कोणतं, हा हिशेबही त्याच वहीत मांडता येईल असं मला वाटतं. खिशातून निघणारी रक्कम थोडी असली तरी चालते, ती योग्य उंचीवर लागली पाहिजे.

मराठी आणि उर्दू मी शिकवीन, इशानंतर, आठवड्यातून चार दिवस. गणिताचे सर स्वतःहून म्हणाले, आकड्यांचं माझ्याकडे सोपव. त्यांना मी ८.८ची गोष्ट सांगितली होती.

गाडीचं काम संध्याकाळी संपलं. बसवतानाही घाई नव्हती. भोकांतले आटे टॅप फिरवून साफ केले. नव्या बोल्टांना आट्यांवर तांब्याचं ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी, दहा वर्षांनी जो कोणी उघडील त्याला त्रास नको. असं ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं, तेव्हा आवळताना हात थोडा राखून ठेवायचा, हेही त्याने सांगितलं. प्रत्येक बोल्ट आधी नुसत्या हाताने तीन-चार फेरे. हाताने जात नसेल तर वाकडा लागलाय, पाना लावायचाच नाही. सगळे बोल्ट सैल लागल्यावर जॅक काढला, इंजिनाला आपल्या वजनाने आपल्या जागी बसू दिलं, गाडी थोडी हलवली, आणि मग शेवटचं आवळलं. आधीच आवळलं असतं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकलं असतं आणि वर्षभरात फाटलं असतं.

चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि गिअरचा दांडा शांत उभा राहिला. पुढच्या आठवड्यात अम्मीला रत्नागिरीला नेलं. परत येताना ती मागे झोपली होती.

मुलाने अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा तो शाळेच्या कार्यालयात आला आणि नववीपर्यंतचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला, असं आमच्या लिपिकांनी सांगितलं. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. अर्जाची मुदत अजून आहे. नवं फाउंडेशन बसवल्यावर पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यायचे असतात, असं त्याने मला बजावलं आहे. चारशे झालेत. पुढच्या रविवारी जाईन.